गोत, पंच आणि व्यक्ती : मराठी न्यायपरिभाषेवरून एक विचार

१

राजकीय संस्था आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा संबंध सांगताना अभ्यासक बहुधा दोहोंपैकी एका मार्गाने जातात. एका मार्गाचे म्हणणे असे, की संस्था ही त्या त्या समाजाच्या संस्कृतीतून उगवते. जेथे लोकांना सभेत बसून विचार करण्याची सवय आहे तेथे लोकशाही रुजते. जेथे ती नाही तेथे घटना कितीही उत्तम लिहिली तरी ती कागदावरच राहते. दुसऱ्या मार्गाचे म्हणणे असे, की संस्था कायद्याने घडतात आणि कायद्यानेच मोडतात. संस्कृतीचे नाव पुढे करणे ही केवळ सबब होय. आपल्याकडे पंचायतीविषयीचा वाद जवळजवळ दोनशे वर्षे याच दोन वाटांनी चालत आला आहे. चार्ल्स मेटकाफ याने १८३० सालच्या आपल्या टिपणात हिंदुस्थानातील गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. तेव्हापासून एका पक्षाला गावात लोकशाहीचे मूळ दिसत आले, तर दुसऱ्या पक्षाला त्याच गावात व्यक्तीच्या गळचेपीचे साधन दिसत आले.

प्रस्तुत लेखात हा वाद महाराष्ट्रापुरता आणि न्यायदानाच्या एका संस्थेपुरता मर्यादित करून पाहावयाचा आहे. त्यासाठी साधन घेतले आहे ते परिभाषेचे. सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत न्यायव्यवहाराची जी परिभाषा आढळते, तिच्यातील बरेच शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. अर्थ मात्र पालटले आहेत. शब्दाचा अर्थ पालटला एवढ्यावरून संस्था पालटली असे अनुमान काढणे धोक्याचे असते. परंतु जेथे कागदपत्रे, कायदे आणि शब्द हे तिघेही एकाच दिशेला बोट दाखवितात, तेथे शब्दाची साक्ष नाकारण्याचे कारण नाही.

ह्या साक्षीवरून जो निष्कर्ष निघतो तो आरंभीच सांगून ठेवतो. जुन्या मराठी पंचायतीला दोन अंगे होती. एक सार्वजनिक अंग : अनेक जातींच्या लोकांनी एकत्र बसून, उघडपणे, लेखी पुराव्यावर केलेला निवाडा. दुसरे जातीचे अंग : आपल्या माणसाला आत ठेवण्याचा किंवा बाहेर काढण्याचा अधिकार. इंग्रजी अमलाने पहिले अंग सुकविले आणि दुसरे जवळजवळ जसेच्या तसे राहू दिले. आज जातपंचायतीच्या रूपाने जे आपणांस परंपरा म्हणून दाखविले जाते ते म्हणूनच अखंड परंपरेचे रूप नव्हे; एका ऐतिहासिक निवडीनंतर उरलेला तो अवशेष होय.

२

प्रथम 'गोत' हा शब्द घेऊ. संस्कृत 'गोत्र' हा कुलवाचक शब्द. त्यापासून आलेला मराठी 'गोत' हा शब्द मात्र मराठेशाहीतील न्यायविषयक कागदांत कुळापुरता राहत नाही. 'समस्त गोत' असे म्हटले म्हणजे त्यात पाटील, कुलकर्णी, चौगुला, मिरासी कुणबी आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग आदी बलुतेदार येत. परगण्याच्या गोतात देशमुख व देशपांडे असत. गोतात स्थान मिळे ते त्या ठिकाणी वतन किंवा मिरास असल्यामुळे. भिन्न जातींच्या वतनदारांचा स्थानिक समुदाय असा हा शब्दाचा व्यापक अर्थ होता.

आज हा अर्थ लोपला आहे. 'गणगोत', 'नातेगोते' ह्या जोडशब्दांत गोत उरले आहे ते केवळ नातेवाईक ह्या अर्थाने. म्हणजे शब्द पुन्हा कुळात परतला. मधल्या काळात त्याने कमावलेला सार्वजनिक अर्थ गळून पडला. वर सांगितलेल्या संस्थेच्या इतिहासाची ही जणू शब्दरूप छाया आहे.

गोताच्या सभेचा निर्णय ज्या कागदावर लिहिला जाई त्याला 'महजर' म्हणत. हा शब्द अरबी. 'हाजिर', 'हजर' हे शब्द ज्या धातूपासून निघाले त्याच धातूपासून तो निघाला आहे. त्याचा मूळ अर्थच उपस्थिती. हा अर्थ लक्षणीय आहे. निर्णयाचे बळ लिहिणाऱ्याच्या हुद्द्यात नसून तेथे कोण कोण हजर होते यात आहे, अशी समजूत त्या नावातच सामावलेली दिसते. महजरावर हजर असणाऱ्यांची नावे व निशाण्या येत. पाटलाची निशाणी नांगराची. कारागीर बलुतेदार आपापल्या धंद्यातील हत्याराची निशाणी करीत. गावाच्या शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला विशेष वजन असे. विधिमंडळात बसण्याची कल्पनाही ज्यांना कोणी दिली नव्हती, त्यांची निशाणी न्यायाच्या कागदावर उमटत होती, ही गोष्ट गावात लोकशाहीचे मूळ पाहणाऱ्या पक्षाने पुढे आणावयास हवी आणि तिचे मोलही कमी लेखता कामा नये.

विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात ह्या सभांची रचना तपशीलवार मांडली आहे. वादी-प्रतिवाद्यांना 'अग्रवादी' व 'पश्चिमवादी' म्हणत. दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी जबान्या, घेतल्या जात. जामीन घेतले जात. साक्षीदार व जुने कागद तपासले जात. पुरावा अपुरा पडला तर दिव्य करविण्यापर्यंत मजल जाई. जिंकणाऱ्याकडून सरकार 'हरकी' घेई, हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'. गावच्या गोतावर परगण्याचे गोत आणि त्यावर राजाची किंवा पेशव्याची मजलस अशी दाद मागण्याची सोयही होती. अठराव्या शतकात, विशेषतः शाहू छत्रपतींच्या काळानंतर, समस्त गोताच्या सभेऐवजी निवडक पंचांची पंचायत अधिकाधिक पुढे येते. पण संमतीचे तत्त्व कायम राहते.

३

हे तत्त्व ज्या कागदात दिसते त्याचे नाव 'राजीनामा'. आजच्या वाचकाला हा शब्द ऐकताच पद सोडल्याचा अर्ज आठवेल. जुन्या न्यायव्यवहारात राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख : अमुक ठिकाणचे गोत किंवा अमुक पंच जो निर्णय देतील तो आम्हांस मान्य आहे, असे दोन्ही पक्षांनी निवाड्यापूर्वी लिहून द्यावयाचे. तो न मानल्यास आपण गोताचे अन्यायी आणि दिवाणाचे, म्हणजे सरकारचे, गुन्हेगार ठरू, अशा आशयाची कबुलीही त्याबरोबर येई.

संमतीवर उभ्या असलेल्या संस्थेचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? परंतु येथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची संमती ही कोणत्या प्रकारची संमती?

गोतातील माणसाचे सर्वस्व वतनात गुंतलेले असे. 'हक्क' हा शब्द याची उत्तम साक्ष देतो. जुन्या कागदांत हक्क म्हणजे वतनाबरोबर येणारे उत्पन्न व मान : पाटलाचे हक्क, देशमुखाचे हक्क, बलुतेदाराचे हक्क. पोळ्याला बैल प्रथम कोणाचा, होळीला पोळी प्रथम कोणाची, शिरपाव प्रथम कोणाला, हे हक्काचे विषय होते आणि त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. हा हक्क प्रत्येकाचा वेगळा आणि चढत्या-उतरत्या भाजणीचा होता. माणूस म्हणून सर्वांचा सारखा असा हक्क त्या परिभाषेत बसत नव्हता. महाराची निशाणी महजरावर येई ती महारकीच्या वतनदाराची निशाणी म्हणून. त्याच महाराला गावाच्या पाणवठ्यावर जाण्याची सोय नव्हती आणि ही विसंगती कोणत्याही गोतसभेला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. पंच म्हणून बसणाऱ्यांत स्त्रीचे नाव सहसा आढळत नाही, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

मग गोत सोडून जाण्याची वाट नव्हती काय? होती, तिचेही नाव भाषेत आहे : 'परागंदा होणे'. जुलूम, दुष्काळ किंवा तंटा यांमुळे माणूस गाव सोडून परागंदा होई आणि ओसाड जमीन पुष्कळ असल्यामुळे दुसऱ्या गावचा पाटील त्याला कौल देऊन वसवीही. पण तेथे तो 'उपरी' ठरे. उपऱ्याला कसावयास जमीन मिळे, गोतात जागा मिळत नसे. म्हणजे एका गोताच्या बंधनातून सुटण्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी मुके होऊन राहणे ही होती. आवाज हवा तर बंधन स्वीकारा, मोकळीक हवी तर आवाज सोडा, असा हा पर्याय होता. आवाज आणि मोकळीक ह्या दोन्ही गोष्टी ज्याच्याजवळ एकाच वेळी आहेत अशा माणसाला आपण आज राजकीय अर्थाने 'व्यक्ती' म्हणतो. त्या अर्थाची व्यक्ती जुन्या पंचायतीत नव्हती.

मोकळीक नसलेल्या संस्थेत सर्वांत प्रभावी शिक्षा बाहेर काढण्याचीच असणार. वाळीत टाकणे, पंक्तीबाहेर करणे, बहिष्कार घालणे अशी त्या शिक्षेची नावे. मात्र मराठेशाहीत ही शिक्षा सर्वस्वी जातीच्या हाती नव्हती. अठराव्या शतकातील मराठी राज्यातील जातिव्यवस्था व राज्यसंस्था यांच्या संबंधांवर हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने जे विवेचन केले आहे, त्यावरून पेशव्यांचे सरकार जातीच्या प्रश्नांत सतत लक्ष घालीत असे हे स्पष्ट होते. जातीतून काढणे आणि प्रायश्चित्त देऊन परत घेणे यांवर सरकारची देखरेख असे. त्या देखरेखीचा हेतू समता हा नव्हता. उलट वर्णजातीची चौकट टिकविणे हाच होता. तरीही जातीच्या निर्णयावर दाद मागण्याचे एक ठिकाण अस्तित्वात होते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

४

१८१८ साली पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल १८१९ साली सादर केला. त्यात पंचायतीचे दोष त्याने लपविलेले नाहीत : कामाला लागणारा विलंब, पंचांना मोबदला नसणे, हजर राहण्याची सक्ती करणाऱ्या अधिकाराचा अभाव, लाचलुचपत. तथापि लोकांच्या अंगवळणी पडलेली ही पद्धत न्यायदानाचे मुख्य साधन म्हणून ठेवावी, असाच त्याचा कौल होता. नव्या राज्यकर्त्याने जुन्या संस्कृतीविषयी इतका आदर दाखविल्याचे उदाहरण विरळा.

तरी पंचायत टिकली नाही. १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी रेग्युलेशने झाली आणि दिवाणी न्यायालयांची उतरंड उभी राहिली. पंचायत ही पक्षकारांनी मागितली तरच मिळणारी लवादी उरली. आता राजी होण्याचे कारण संपले होते. पूर्वी वतनाचा पुरावा गोताच्या स्मरणात असे. पुढे तो सरकारच्या दप्तरात गेला. पूर्वी निवाड्यामागे गोताचा धाक आणि दिवाणाचे पाठबळ होते. आता दिवाणाने आपले पाठबळ न्यायालयाकडे वळविले. पंच कोणी कायद्याने बंद केले नाहीत. त्यांना करण्यासारखे काम उरले नाही. भाषेतही पंचाची अशीच पदावनती झाली. 'पंचनामा' ह्या आजच्या शब्दातील पंच हे निवाडा करणारे नसून पोलिसांनी काय पाहिले व काय जप्त केले याचे केवळ साक्षीदार असतात.

ह्याच रेग्युलेशनांत एक लहानसे कलम होते, ज्याचे परिणाम शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनातील एकविसाव्या कलमाने असे ठरविले, की जातीच्या प्रश्नात न्यायालयांनी हात घालू नये. बेकायदा कृत्यामुळे एखाद्याच्या जातीची व अब्रूची हानी झाली असेल तर भरपाईचा दावा मात्र ऐकावा. लोकांच्या धर्मात ढवळाढवळ नको, हे त्यामागचे धोरण. वरवर पाहता ते उदार वाटते. परंतु पेशव्यांचे सरकार जी देखरेख करीत होते तीही त्यामुळे संपली. अनेक जातींची, उघड्यावर बसणारी, वरच्या दरबारास जबाबदार असणारी गोतसभा मोडीत निघाली आणि एकाच जातीची, आपल्यापुरती बसणारी, कोणासही जबाब न देणारी जातपंचायत पूर्वीहून अधिक स्वतंत्र झाली. येथे स्वातंत्र्य मिळाले ते जातीला, व्यक्तीला नव्हे. राज्यसंस्था संस्कृतीपासून दूर राहिली असे म्हणण्याची पद्धत आहे. पण संस्कृतीच्या कोणत्या भागाला मान्यता द्यावी आणि कोणत्या भागाला देऊ नये, याची निवड तिने केलीच होती.

५

याच सुमारास दुसऱ्या एका दिशेने मात्र व्यक्तीला कायद्यात प्रवेश मिळत होता. इंदापूर तालुक्यात १८३५–३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणी व आकारणी सुरू केली, तिने दख्खनमध्ये रयतवारीचा पाया घातला. सरकारचा करार गावाशी नव्हे, प्रत्येक खातेदाराशी. खातेदाराला आपला नंबर ठेवता येई किंवा वर्षअखेर सोडून देता येई. जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यावयाचा आणि घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यावयाची, अशी महसुली रीत पडली.

येथे आपला शब्द नव्या जागी भेटतो. गोतापुढे 'मी बांधला जाण्यास राजी आहे' असे सांगणारा राजीनामा आता 'मी सोडण्यास राजी आहे' असे सांगू लागला. 'पदत्याग' हा आजचा अर्थ माझ्या मते ह्या महसुली व्यवहारातूनच पुढे सरकला असावा. अर्थाची ही उलटापालट केवळ कोशकाराच्या कुतूहलाची बाब नाही. मोकळे होण्याची क्रिया प्रथमच लेखी, कायदेशीर आणि प्रतिष्ठेची झाली. परागंदा होण्याची गरज उरली नाही.

१८५० सालच्या एकविसाव्या कायद्याने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून माणसाचा मालमत्तेवरील अथवा वारशावरील हक्क जातो, असे मानणारी रूढी न्यायालयांनी अमलात आणू नये, असे त्याने ठरविले. हक्क हा शब्द जातीच्या खुंटीवरून निघून माणसाकडे येऊ लागला तो येथपासून. जोतीराव फुले यांनी थॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि हक्क हा प्रत्येक स्त्रीपुरुषाचा, जन्मतःच सारखा, हा अर्थ मराठीत रुजविला. जुन्या परिभाषेत असा प्रयोग अशक्य होता. फुल्यांनी शब्द जुनाच ठेवला, त्याचा मालक बदलला.

परंतु मालमत्ता शाबूत राहिली म्हणजे माणूस मोकळा झाला असे नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेले चहापानाचे प्रकरण. त्या समारंभास गेलेल्या ब्राह्मण पाहुण्यांची नावे प्रसिद्ध झाली, वाद शंकराचार्यांच्या पीठापर्यंत पोहोचला आणि शहरात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्यात गोवले गेले. दोघांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. रानडे त्या वेळी सरकारच्या न्यायखात्यात मोठ्या पदावर होते. त्यांची मिळकत किंवा नोकरी जातीला हिरावून घेता येत नव्हती. तरी आप्तस्नेह्यांच्या घरची कार्ये अडत होती, इष्टमित्रांचे कोंडमारे होत होते. आणि तेवढे त्यांना झुकविण्यास पुरेसे ठरले. दिवसा इंग्रजी कायद्याने न्याय देणारा माणूस घरी आल्यावर ज्या सत्तेखाली होता, त्या सत्तेला कोणत्याही न्यायालयाचा हुकूम लागू नव्हता. व्यक्तिस्वातंत्र्याची मर्यादा कायद्याच्या अक्षराने ठरत नाही, मागे उभ्या असलेल्या संबंधांच्या जाळ्याने ठरते, याचा हा पुरावा.

६

'बहिष्कार' ह्या शब्दाचा पुढील प्रवास याहून बोधप्रद आहे. १९०५ साली वंगभंगानंतर विलायती मालावरील बहिष्कार हे राष्ट्रीय चळवळीचे शस्त्र झाले. जातीची शिक्षा जिने दिली जाई ती सवय परक्या सत्तेविरुद्ध उपयोगी पडली. एका संस्कृतीतील जुने साधन राजकीय स्वातंत्र्याच्या कामी आले, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ते साधन परतही फिरत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली व १९२७ साली 'बहिष्कृत भारत' हे पत्र सुरू केले, तेव्हा त्यांनी तोच शब्द शिक्षा भोगणाऱ्याच्या बाजूने उच्चारला. त्याच साली मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट समितीच्या अहवालाने मुंबई इलाख्यातील स्थितीचे निदान केले : अस्पृश्यांनी आपले कायदेशीर हक्क बजावू पाहिले की गाव त्यांचे काम, जमीन आणि वाटा बंद करते, आणि जगण्यासाठी ते गावावर अवलंबून असल्यामुळे हे शस्त्र इतर कोणत्याही शस्त्रापेक्षा अधिक जोराने लागते. डॉ. आंबेडकर ह्या समितीचे सदस्य होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे त्यांची पंचायतीविषयीची भूमिका नीट कळते. १९३२ साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतींच्या बिलावर बोलताना त्यांनी विरोध नोंदविला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी मेटकाफच्या वर्णनाचा उल्लेख करून गावाविषयीच्या भाबड्या अभिमानावर कठोर टीका केली आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच भाषणात, ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन, घटनात्मक नीती ही स्वाभाविक भावना नसून ती मशागतीने वाढवावी लागते, असेही ते म्हणाले. हे दुसरे विधान पहिल्याइतकेच ध्यानात ठेवले पाहिजे. संस्कृतीचे महत्त्व त्यांनी नाकारलेले नाही. संस्कृती आहे तशी पुरेशी नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

घटनासमितीने दोन्ही गोष्टी स्वीकारल्या. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संतानम यांची दुरुस्ती मान्य होऊन ग्रामपंचायतींविषयीचे आजचे चाळिसावे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले; व्यक्तीचे मूलभूत हक्क तिसऱ्या भागात राहिले. गोत आणि व्यक्ती यांना एकाच घटनेत शेजारी बसविण्याचा हा प्रयत्न होता.

७

ते शेजारी किती गुण्यागोविंदाने नांदले, हे पुढील घटनांवरून दिसते. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारप्रतिबंधक कायदा करून कोणत्याही समाजाने आपल्या सभासदास बहिष्कृत करणे निरर्थक ठरविले. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९६२ मध्ये चारास एक अशा मताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार चालविण्याचा जो हक्क सव्विसाव्या कलमाने दिला आहे त्यावर आक्रमण होते, हे बहुमताचे कारण. सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्न मत दिले. हक्काचा मालक कोण, समुदाय की माणूस, हाच प्रश्न येथे नव्या भाषेत पुन्हा उभा राहिला. तो सुटलेला नव्हता याची खूण म्हणजे २०२३ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

वतनाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. डॉ. आंबेडकरांनी महारवतनाविषयीचे बिल १९२८ साली कौन्सिलात आणले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. हक्क आणि चाकरी यांची जी गाठ गोताने बांधली होती ती अशी एकेक करून सोडवावी लागली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. नाव जुन्यासारखे वाटले तरी ही सभा गोतसभा नव्हे. गोतात नाव लागे ते वतनाने. ग्रामसभेत नाव लागते ते मतदारयादीने. उपरी, भूमिहीन, स्त्री, पूर्वास्पृश्य हे सर्व तिचे सारखेच सभासद. महाराष्ट्राने २०११ साली पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. जुन्या महजरावर जी निशाणी सहसा नसे ती आता अनेक गावांत सरपंचाची सही म्हणून उमटते.

पण जातपंचायत तेवढ्याने संपली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ साली जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पुढे आल्या. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारा अधिनियम संमत केला. तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. १८२७ च्या रेग्युलेशनाने जे दार बंद केले होते ते उघडावयास जवळजवळ १९० वर्षे लागली.

८

आता आरंभीच्या वादाकडे परत येऊ. संस्कृतीतून संस्था उगवते हे म्हणणे अपुरे आहे, कारण मराठी संस्कृतीत उघड्या सभेची सवय आणि वाळीत टाकण्याची सवय ह्या दोन्ही होत्या. कोणती सवय जगली आणि कोणती मेली हे राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी ठरविले. कायद्याने संस्था घडते हे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. १८५० च्या कायद्यानंतर चाळीस वर्षांनी एक कप चहा न्यायमूर्तींना भारी पडला. कायदा दार उघडू शकतो. त्यातून बाहेर पडणाऱ्याला बाहेर कोणी उभे करून घेईल याची हमी तो देऊ शकत नाही. ती हमी सत्यशोधक समाजासारख्या किंवा बहिष्कृत हितकारिणी सभेसारख्या नव्या सोबतींनी दिली. जुन्या गोतातून निघालेल्या माणसाला दुसरे, स्वेच्छेचे गोत मिळाले, तेव्हाच त्याची मोकळीक टिकली.

म्हणून पंचायतीची परंपरा पुढे चालवावी की टाकून द्यावी, असा प्रश्न विचारणे मला निष्फळ वाटते. महजराच्या परंपरेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे : उघडपणे बसणे, कागद तपासणे, उपस्थितांची नावे लिहिणे, तंट्याच्या ठिकाणीच तंटा मिटविणे. मात्र प्रत्येक सभेस, मग ती गावाची असो, जातीची असो की आपल्या विद्यापीठांतील समित्यांची असो, जुन्या शब्दाचे दोन्ही अर्थ लावून पाहिले पाहिजेत. येथे राजी होताना माणसाला नाही म्हणता येते काय? आणि राजीनामा देऊन गेल्यावर त्याला सुखाने जगता येते काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर त्या सभेत कितीही पंच बसलेले असोत, तेथे गोत आहे, व्यक्ती नाही.

पुण्यातील पेशवे दप्तरात आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांत ह्या परिभाषेची विपुल सामग्री आहे. तिचा अभ्यास आजवर मुख्यतः महसूल, वंशावळ व राजकारण यांसाठी झाला. महजरावर कोणाची निशाणी आहे आणि कोणाची नाही, राजीनामा कोणी लिहून दिला आणि कोणाच्या वतीने दुसऱ्यानेच दिला, हे प्रश्न घेऊन ते कागद पुन्हा वाचावयास हवेत. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते काम शिल्लक आहे, आणि ते मोडी वाचता येणाऱ्यालाच करता येईल.